बाबांनी पकडलेला चोर आणि सर्व्हरचं भाडं

बाबांनी चोर पकडला तो मंगळवार होता. गुरुवारी दुपारी कळलं, की चोर मीच आहे.

हे वाचून कुणी माझ्याबद्दल भलतंच मत करून घेऊ नये. मी दहावीत आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हजेरीच्या वेळी माझा आवाज बाकाखालीच राहायचा आणि बाई मला गैरहजर लावून मोकळ्या व्हायच्या. आता वर्गात सगळ्यात आधी माझा हात वर जातो, बऱ्याचदा प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच. गेल्या महिन्यात तर अख्ख्या शाळेसमोर 'कागदाचे दिवस संपले' या विषयावर मी बारा मिनिटं न अडखळता बोलले. परवानगी आठ मिनिटांची होती. हे सगळं सांगायचं एवढ्यासाठी, की पुढे मी जी आपटले ती किती उंचावरून, याचा अंदाज यावा.

तर मंगळवारी सकाळी बाबा खाली स्कूटर पुसत होते. ही स्कूटर माझ्याहून सात वर्षांनी मोठी. ती चौथ्या किकला सुरू होते, पण बाबा सगळ्यांना दुसऱ्या म्हणून सांगतात. तिला माझ्या आत्याने खास मापाचं अस्तरवालं कव्हर शिवून दिलं आहे. मला अस्तरवाला कोट अजून मिळायचाय. एवढ्यात बाबांच्या खिशात फोन वाजला. बँकेचा निरोप होता: अमुक कंपनी आपल्या कार्डावरून वर्षभराचं भाडं घेऊ इच्छिते, मंजूर असल्यास 'हो' दाबा, नसल्यास 'नाही'.

बाबांनी कुठल्याच कंपनीकडून वर्षाच्या भाड्याने काही घेतलेलं नव्हतं. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. त्यांनी मान वर करून वरच्या मजल्याकडे पाहिलं, कारण तिथे बँकवाले काका राहतात. काका नऊ वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले, पण बँक त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. रोज सकाळी साडेसहाला ते बिल्डिंगच्या ग्रुपवर फसवणुकीची एक तरी बातमी टाकतात आणि खाली लिहितात, 'आज हे, उद्या आपण.' वर्षानुवर्षं त्या 'उद्या'ची वाट बघणाऱ्या माणसाला अखेर तो उजाडलेला दिसला. काका हातातला चहा तसाच ठेवून जिन्यात आले. त्यांनी कठड्यावरून सूचना दिल्या आणि बाबांनी स्कूटरला टेकून त्या पाळल्या. 'नाही' दाबा. कार्ड कायमचं बंद करा. तक्रार नोंदवा. आणि मुख्य म्हणजे जुने व्यवहार तपासा.

जुन्या व्यवहारांत सापडलं, की याच कंपनीने बरोबर एक वर्षापूर्वीही पैसे नेले होते. काकांचा चेहरा समाधानाने गंभीर झाला. चोर वर्षभर दबा धरून बसलाय, असं त्यांनी सांगितलं, आणि बाबांनी त्या जुन्या व्यवहाराचीही तक्रार ठोकून दिली.

संध्याकाळपर्यंत बाबा बिल्डिंगचे नायक झाले होते. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला ते हकीकत सांगत आणि प्रत्येक मजल्यागणिक ती सुधारत. तळमजल्यावर एक कंपनी होती, दुसऱ्या मजल्यावर टोळी झाली, आणि गच्चीवर कपडे काढायला आलेल्या काकूंपर्यंत पोचली तेव्हा त्या टोळीचा म्होरक्या समुद्रापार बसलेला होता. मी टाळ्या वाजवल्या. नुसत्या टाळ्याच नाहीत, बाबांचा स्कूटरशेजारी उभा असलेला फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सावध नागरिक'. हे शब्द माझे होते. ते मला नंतर फार महागात पडले.

गुरुवारी शाळेतून येते तोच आत्याचा फोन. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, कोट शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. गल्लीच्या टोकाला तिचं दुकान आहे. ती म्हणाली, की इंजिनीअरबाई, तुमचं ते दुकान उघडत नाहीये. मला ती प्रेमाने इंजिनीअरबाई म्हणते. त्या दिवसानंतर ती तेच म्हणते, पण प्रेमाचं प्रमाण बदललं आहे.

'ते दुकान' म्हणजे मी गेल्या वर्षी तिला करून दिलेली वेबसाइट. कल्पना सोपी होती. आत्याकडे मापांच्या अकरा वह्या होत्या. एकेका पानावर एकेक बाई: छाती, कंबर, मुंढा, बाही, आणि शेजारी आत्याचे शेरे. 'डावा खांदा उतरता.' 'घट्ट म्हटलं की राग येतो.' 'दर वर्षी दोन इंच, बोलायचं नाही.' मी महिनाभर बसून सगळी मापं साइटवर चढवली, म्हणजे आत्याला माप बोटासरशी सापडेल आणि नव्या गिऱ्हाइकांना घरबसल्या स्वतःचं माप भरता येईल. शेरे मात्र फक्त आत्याला दिसतील अशी सोय केली, नाहीतर गल्लीत दंगल झाली असती.

साइट राहते सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे काय, हे मी भाषणात असं समजावलं होतं: आपल्याकडे कपाट ठेवायला जागा नाही म्हणून दुसऱ्याच्या मोठ्या इमारतीत खोली भाड्याने घ्यायची. खोली सदा उघडी, दिवे कायम चालू, कुणीही कुठूनही येऊन कपाट बघावं. भाडं वर्षातून एकदा. भाडं थकलं तर ते लोक कपाटाचं काय करतात, हे श्रोत्यांत कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण मला माहीत नव्हतं.

आणि अकरा वह्या? त्या मी भाषणाच्या शेवटी मंचावर आणून ठेवल्या होत्या. त्या हवेत उंच धरून म्हटलं होतं, की आता यांची जागा रद्दीत. टाळ्या पडल्या. मग घरी जाताना मी खरोखरच त्या रद्दीवाल्याच्या तराजूत ठेवल्या, कारण माझं म्हणणं असं, की बोलावं तसं वागावं. आत्याने फक्त एवढंच विचारलं होतं, की नक्की ना गं? मी तिच्याकडे दयेने पाहिलं होतं.

आता आत्याने सांगितलं ते असं. नर्सिंग कॉलेजच्या पदवीदानाचे शेहेचाळीस कोट तिने घेतलेत. आतापर्यंतचं सगळ्यात मोठं काम. त्या मुलींनी आपापली मापं आणि फोन नंबर फक्त साइटवर भरलेत आणि त्या आता वेगवेगळ्या गावांच्या दवाखान्यांत सरावाला पांगल्यात, थेट समारंभाच्या दिवशीच परत येणार. कापड आलंय, अस्तर आलंय, सोमवारी सकाळी कटिंग सुरू केलं तरच वेळेत होईल. कोट झाले तर पुढच्या वर्षीपासून कॉलेजचं सगळं काम तिचं. आणि नाही झाले, तर ते काम चौकातल्या त्या टेलरकडे जाणार, जो मुंढा कापताना टेप लावत नाही, नुसता अंदाज घेतो. आत्या त्याचं नावसुद्धा घेत नाही. 'अंदाजपंचे' म्हणते.

मी म्हटलं, दोन मिनिटांत बघते.

साइटसाठी मी वेगळा ईमेल काढला होता. घरच्या पत्त्यावर जाहिरातींचा कचरा नको म्हणून. कचरा खरोखरच घरी आला नाही, सगळा तिकडेच जमला, आणि त्या कचऱ्यात कंपनीची सहा पत्रं होती. पहिलं दीड महिन्यापूर्वीचं. 'प्रिय ग्राहक, आपल्या सहवासातलं एक वर्ष कसं गेलं कळलंही नाही.' दुसऱ्यात भाड्याची तारीख. तिसऱ्यात तीच तारीख ठळक अक्षरांत. चौथं मंगळवारचं: 'प्रिय ग्राहक, भाडं जमा होऊ शकलं नाही, काही किरकोळ अडचण असावी.' पाचवं मंगळवारी रात्रीचं, त्यात 'प्रिय' नव्हतं: 'ग्राहक, आपण दोन्ही वर्षांचे व्यवहार चोरीचे असल्याची तक्रार बँकेत केल्याचं समजलं.' सहाव्यात ग्राहकही गेला होता. 'खातेदार, आपलं खातं संशयास्पद म्हणून गोठवण्यात आलं आहे. सर्व्हरवरील माहिती शनिवारी संध्याकाळी सहा वाजता कायमची पुसण्यात येईल.'

मी खुर्चीत बसले होते, तरी पुन्हा बसले.

खातं बाबांच्या नावावर होतं. कार्डही बाबांचं. गेल्या वर्षी वयाची अट बघून मीच तसं केलं होतं. बाबा तेव्हा खाली स्कूटरचा प्लग साफ करत होते, मी खिडकीतून ओरडून विचारत होते आणि ते खालूनच हो, हो म्हणत फोनवरचा आकडा वाचून दाखवत होते. त्यांच्या दृष्टीने तो प्लग साफ केल्याचा दिवस होता. बाकी काही घडल्याचं त्यांच्या लक्षात राहिलंच नव्हतं.

शहाण्या मुलीने त्या क्षणी मोठ्यांना सांगितलं असतं. मी ठरवलं, की आपण हे प्रकरण गुपचूप मिटवायचं. आधी बाबांचं कार्ड भरून पाहिलं. ते मेलेलं होतं. मग कंपनीला अतिशय प्रौढ भाषेत पत्र लिहिलं, की 'मी खातेदार, वय सत्तेचाळीस, अनवधानाने तक्रार केली.' कंपनीने चार मिनिटांत उत्तर दिलं, की बँकेचं तक्रार मागे घेतल्याचं पत्र आणि खातेदाराचा चेहरा, दोन्ही लागतील. भाषा माझ्या हातात होती, पण चेहरा कुठून आणू?

मग निदान आत्याची जुनी गिऱ्हाइकं तरी वाचावीत म्हणून मी रद्दीवाल्याकडे धावले. त्याने मला ओळखलं, कारण वह्या देताना मी त्यालाही भाषणाचा शेवटचा परिच्छेद ऐकवला होता. अकरातल्या आठ वह्या पुढे गेल्या होत्या. उरलेल्या तिन्ही त्याने जपून ठेवल्या होत्या, कारण त्यावर तो हिशेबाचा टेबल टेकवत होता, एका पायाखाली. त्यातली सगळ्यात नवी वही सतरा वर्षांपूर्वीची निघाली. त्यातल्या बायकांची मापं आज त्यांच्या मुलींना बसली असती.

वह्या छातीशी धरून परतताना जिन्यात आई भेटली. आई एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिथे प्रत्येक नळीवर दोन चिठ्ठ्या लागतात, आणि तिसरी वहीत. तिने माझ्याकडे पाहिलं, वह्यांकडे पाहिलं, आणि मी काही सांगायच्या आत विचारलं, "दुसरी प्रत?"

दुसरी प्रत नव्हती. गेल्या वर्षी फॉर्मवर 'रोजची प्रत हवी का' असा एक चौकोन होता, थोडे जास्तीचे पैसे पडत होते, आणि मी तो रिकामा सोडला होता. प्रती काढायला आपण काय कागदाच्या जमान्यात राहतो, असा माझा विचार होता. तो विचार मी आईला तिथेच जिन्यात सांगितला. प्रयोगशाळेत एखादी नळी फुटली की आई जशी बघत असेल, तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वर चल. बाबांना तू सांगायचं."

बाबांना सांगायला अकरा मिनिटं लागली. भाषणाहून एक कमी, पण अडखळण्यात सगळी वसुली झाली. बाबांनी आधी ऐकून घेतलं, मग हळूच विचारलं, की म्हणजे टोळी वगैरे काहीच नव्हती? नव्हती. समुद्रापारचा म्होरक्या? तो तुम्हीच बनवला होता, बाबा. बाबा खिडकीपाशी गेले आणि खाली स्कूटरकडे बघत उभे राहिले. मला वाटलं रागावलेत. पण त्यांचं दुःख वेगळंच होतं. तक्रार मागे घ्यायची म्हणजे चोर सोडून द्यायचा, आणि चोर सोडला हे तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सांगायचं. दोनच दिवसांपूर्वी जो माणूस सावध नागरिक होता, त्याने हे कोणत्या तोंडाने करायचं? तेवढ्यात आत्या आली. तिला आईने फोन केला होता. आत्या दारातच उभी राहिली, चप्पलही काढली नाही, आणि एकच वाक्य बोलली.

"धाकल्या, शेहेचाळीस मुली उघड्या खांद्यांनी पदवी घेतील, आणि मी अंदाजपंचेच्या दुकानात काजं करायला जाईन."

शुक्रवारी बाबांनी सुट्टी टाकली आणि आम्ही बँकेत गेलो. मलाही शाळा बुडवावी लागली, साक्षीदार आणि आरोपी अशा दोन्ही नात्यांनी. बरोबर बँकवाले काका होते. चोर निसटल्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं, पण जुन्या शाखेत आपला शब्द चालतो, काम चुटकीसरशी होईल, अशी त्यांनी ग्वाही दिली. शाखेत पाऊल ठेवल्याबरोबर पहारेकऱ्याने त्यांनाच विचारलं, की काय काम आहे. आत सगळे नवे चेहरे होते. काकांनी एका टेबलापाशी जाऊन 'इथे मी बसायचो' असं सांगितलं, तर तिथल्या तरुणाने नम्रपणे उठून त्यांना बसायला खुर्ची दिली आणि टोकन घ्यायला सांगितलं. आमचा नंबर त्र्याऐंशी. चालू होता सतरा. काका टोकन हातात धरून बसून राहिले. मला त्यांची दया आली, कारण मान कुठे आणि कशी खाली जाते याचा मला ताजा अनुभव होता.

तक्रार करायला एक बटण होतं. तक्रार मागे घ्यायला चार पानांचा फॉर्म होता. तिसऱ्या पानावर कारण निवडायचं होतं: पैसे परत मिळाले, आरोपी सापडला, तक्रारदार हयात नाही, इतर. बाबांचं पेन 'आरोपी सापडला' पाशी बराच वेळ घुटमळलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी 'इतर' वर खूण केली. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, की इतर असेल तर एका ओळीत लिहा. बाबांनी वीस मिनिटं घेतली आणि लिहिलं: 'चोरी झालेली नाही. भाडं माझंच आहे. मुलगी हुशार आहे.' बाईंनी ते वाचून माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. शेवटचं वाक्य खोडून टाका असं त्यांनी बाबांना सांगितलं, त्याचा व्यवहाराशी संबंध नाही म्हणून. बाबांनी ते खोडलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

बँकेचं पत्र शाखा बंद व्हायच्या वेळी हातात पडलं. नवं कार्ड यायला दहा दिवस लागणार होते. कंपनीने पडताळणीची वेळ दिली शनिवारी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटं, म्हणजे सगळं पुसायच्या चाळीस मिनिटं आधी. सोबत नियम आले. खातेदाराने कॅमेऱ्यासमोर एकट्याने बसायचं. ओळखपत्र हनुवटीखाली धरायचं. नजर पडद्यावरून हलता कामा नये. दुसऱ्या कुणाचा आवाज आला, तर पडताळणी रद्द आणि पुढची वेळ सोमवारी.

उजेड आत्याच्या दुकानात चांगला म्हणून बाबांना तिथे बसवलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं होतं आणि केसांना पाणी. फोन शिवणयंत्राला टेकवून ठेवला. आम्ही तिघी फोनच्या मागे, कटिंग टेबलाला टेकून, श्वास धरून. टेबलावर शेहेचाळीस कोटांचं काळं कापड घडी करून ठेवलेलं, त्यावर खडू आणि कात्री. आत्याने टेप गळ्यात अडकवला होता. तिला तो घातल्याशिवाय धीर येत नाही.

पडद्यावरच्या ताई फार शांत होत्या. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, बँकेचं पत्र पाहिलं. बाबा पाठ केल्यासारखे उत्तरं देत होते. मग त्या म्हणाल्या, "आता आपण निवडलेला गुप्त प्रश्न. आपली सर्वात आवडती व्यक्ती किंवा वस्तू. आपल्याला तीन संधी आहेत."

दुकानातली हवा बदलली. बाबांनी असला काही प्रश्न निवडला नव्हता. तो मी निवडला होता, आणि उत्तरही मीच लिहिलं होतं, आणि काय लिहिलं होतं ते मला काही केल्या आठवेना. बहुधा 'आई' लिहिलं असणार. कुठलीही संस्कारी मुलगी वडिलांच्या वतीने तेच लिहील.

बाबांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी घसा साफ करून, जरा मोठ्यानेच, सांगितलं, "माझी बायको."

"उत्तर चुकीचं आहे," ताई म्हणाल्या.

आईने हाताची घडी घातली. बाकी काही नाही, नुसती घडी घातली. पण पंचवीस वर्षांच्या संसारात ती घडी कधी घातली जाते हे बाबांना माहीत आहे, आणि नियमाप्रमाणे त्यांना तिकडे बघायची सोय नव्हती. त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं असणार, फॉर्म भरला कुणी, लाडात आलेल्या पोरीने.

"माझी मुलगी," बाबा म्हणाले.

"उत्तर चुकीचं आहे. शेवटची संधी."

आता हे मला लागलं. उत्तर मीच लिहिलेलं होतं, हे खरं. पण वडिलांची सर्वात आवडती व्यक्ती मी नाही, असं एका परक्या बाईने कंपनीच्या वतीने जाहीर करावं, हे कुठल्याही मुलीला लागेलच. आत्या मात्र सरसावून उभी राहिली. आता राहिलं कोण, असा भाव तिच्या चेहऱ्यावर होता. तिने टेप सारखा केला, केसांवरून हात फिरवला.

आणि त्याच क्षणी मला आठवलं. ती खिडकी, तो फॉर्म. मी खिडकीतून ओरडून विचारलं होतं, की बाबा, तुमचं सगळ्यात आवडतं कोण? बाबा खाली मांडी घालून बसले होते, हातात फुंकर घालून साफ केलेला प्लग, आणि चेहऱ्यावर ते हसू. त्यांनी माझा प्रश्न ऐकलाच नव्हता. मी तीनदा विचारलं. मग मी खाली पाहिलं, विचार केला, की विचारायचं कशाला, समोर दिसतंय की, आणि लिहून टाकलं.

मला सांगता येईना. मी हवेत मूठ फिरवून दाखवली, पाय आपटल्याचा अभिनय केला, म्हणजे किक. बाबांची नजर पडद्याला चिकटलेली. आत्याला वाटलं मला चक्कर येतेय. घड्याळात पाच सदतीस. एक मुंढा, एक बाही, एक खांदा अशी शेहेचाळीस मापं सर्व्हरच्या त्या भाड्याच्या खोलीत कुठेतरी अजून जिवंत होती.

बाबांनी डोळे एकदा मिटले, उघडले, आणि इतक्या हळू आवाजात सांगितलं, की ताईंना पुन्हा विचारावं लागलं.

"माझी स्कूटर," बाबा म्हणाले.

"उत्तर बरोबर आहे. धन्यवाद."

मग ताईंनी त्याच शांत आवाजात कळवलं, की पडताळणी पूर्ण झाली आहे, दुसऱ्यांची उपस्थिती आता चालेल, सहाच्या आत भाडं भरा, कुठलंही चालू कार्ड वापरता येईल.

चालू कार्ड. बाबांचं मेलेलं. आत्याचं कार्डाशी कधी जमलंच नाही. माझं तर वयच नाही. तिघांचीही नजर एकाच दिशेला वळली. आईच्या खांद्याला तिची पर्स होती, आणि हाताची घडी अजून सुटलेली नव्हती.

आई कुणाकडेच बघत नव्हती. ती त्या काळ्या कापडाच्या गठ्ठ्याकडे बघत होती. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "का, स्कूटरकडे कार्ड नाही?"

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी घेतलेला तो सगळ्यात शहाणपणाचा निर्णय असावा. आईने अजून एक मिनिट घेतलं. मी घड्याळ बघत होते म्हणून सांगते, पूर्ण एक मिनिट. मग पर्स उघडली, कार्ड काढलं, आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "तो प्रतीचा चौकोन. टिक कर."

मी टिक केलं. पाच एक्कावन्नला साइट उघडली. आत्याने यादीतल्या पहिल्या मुलीचं माप मोठ्याने वाचायला लावलं आणि ते ऐकता ऐकता खडूने कापडावर पहिली रेघ ओढली. सोमवारपर्यंत थांबायला ती तयार नव्हती. त्या मुलीचा उजवा खांदा उतरता होता. आत्या म्हणाली, उतरता खांदा असलेली बाई कधी फसवत नाही. याला काय आधार आहे, मला माहीत नाही, पण ती पुन्हा माझ्याशी बोलायला लागली होती.

कोट वेळेत झाले. शेहेचाळीसच्या शेहेचाळीस, आणि पुढच्या वर्षीचं कामही आत्याचंच. मला त्या महिन्यात रोज शाळेनंतर दुकानात बसून सगळी मापं नव्या वह्यांत उतरवून काढावी लागली, शेऱ्यांसकट. हाताला घट्टे पडले. शाळेत बाईंनी विचारलं, पुढच्या वेळी कशावर बोलणार? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. हात मात्र वर जातोच, त्याला इलाज नाही. गुप्त प्रश्नाचं उत्तर आईने बदललं. नवं काय आहे, ते तिने आम्हाला कुणालाच सांगितलेलं नाही, आणि तेव्हापासून बाबा तिच्याशी कमालीच्या नम्रपणे बोलतात.

राहिला प्रश्न पुढच्या भाड्याच्या तारखेचा. ती कंपनीची पत्रं आता चौघांच्याही फोनवर येतात, पण मला खात्री वाटेना. बाबांना लग्नाचा वाढदिवस आठवत नाही, माझी इयत्ता ते दर वर्षी एकने कमी सांगतात. मग एका रविवारी ते स्कूटर पुसत असताना मी डिकीत डोकावले. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एक कागद चिकटवलेला होता: विम्याची तारीख, धुराच्या दाखल्याची तारीख, ऑइलची तारीख. बावीस वर्षांत यातली एकही चुकलेली नाही. मी पेन आणलं आणि खाली लिहिलं, 'सर्व्हर'.

बाबांनी फडकं थांबवून ते वाचलं. मग त्यावरूनही एकदा फडकं फिरवलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा डिकी उघडली तेव्हा 'सर्व्हर'च्या खाली आणखी एक ओळ आली होती, आईच्या प्रयोगशाळेतल्या बारीक, सरळ अक्षरात. त्यांच्या लग्नाची तारीख. शेजारी कंसात लिहिलं होतं, 'दर वर्षी नूतनीकरण आवश्यक'. बाबांनी या वेळी ते आठ दिवस आधीच केलं.